पुढचा भाग येईपर्यंत: अपूर्ण फँटसी मालिका वाचायला घेणाऱ्या नवख्यांसाठी

लातूरच्या अभ्यासिकांमध्ये फिजिक्सच्या नोट्सखाली हल्ली एखादी जाडजूड इंग्रजी फँटसी सापडते. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही वेब सिरीज बघून पुस्तकाकडं वळलेली ही मंडळी. पाच खंड सुट्टीत फस्त करतात आणि मग विचारतात, सहावा कुठं मिळेल? सहावा आलेलाच नाही. पाचवा आला २०११ साली. हे कळल्यावर काही जण चिडतात, काही रोज रात्री फोनवर बातम्या हुडकत बसतात आणि काहींना चार वर्षांनी विचारलं तर म्हणतात, आता त्यातलं काहीच आठवत नाही.

वाट बघण्यातला त्रास वेळेचा कमी असतो. विसरण्याचा आणि खोट्या बातम्यांचा जास्त. वेळ काही आपल्या हातात नाही, पण बाकीच्या दोन्हींचा बंदोबस्त घरबसल्या करता येतो. तो कसा करायचा, ते क्रमानं सांगतो.

आधी मालिकेची कुंडली बघा

पहिला खंड घेण्याआधी चार गोष्टी शोधून कागदावर लिहा: एकूण किती भाग ठरलेत, किती आलेत, शेवटचा कधी आला, आणि दोन भागांमध्ये दरवेळी किती वर्षं गेली. यातला चौथा आकडा सगळ्यात जास्त बोलतो.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' घ्या, 'गेम ऑफ थ्रोन्स' हिच्यावरूनच निघाली. १९९६, १९९८, २०००, २००५, २०११. म्हणजे दोन वर्षं, दोन वर्षं, पाच, सहा. सुरुवातीला बेत होता तीन पुस्तकांचा, तो वाढत सातांवर गेला. अंतर वाढत चाललंय आणि भागही वाढत चाललेत, असं दिसलं की समजावं, इथं मुक्काम लांबणार. याउलट ब्रँडन सँडरसन यांची 'स्टॉर्मलाइट आर्काइव्ह': २०१०, २०१४, २०१७, २०२०, २०२४. तीन-चार वर्षांचा ठेका सुटलेला नाही. दहापैकी पाचच भाग झालेत, पण पहिल्या पाचांचं कथानक पाचव्यात एका टप्प्याला येऊन थांबतं, त्यामुळं तिथं वाचक अधांतरी लटकत नाही.

तिसरा नमुना पॅट्रिक रॉथफस यांचा. 'द नेम ऑफ द विंड' २००७ साली आलं, दुसरा भाग २०११ साली, आणि तिसऱ्याची वाट वाचक अजून बघतायत. गंमत म्हणजे पहिलं पुस्तक आलं तेव्हा पुढचे भाग लिहून तयार आहेत, वर्षाला एक येईल, असं लेखकानंच सांगितलं होतं. लिहून झालेलं आणि छापायला देण्याजोगं, यात केवढी दरी असते ते इथं दिसतं. स्कॉट लिंच यांच्या चोरांच्या मालिकेचंही तसंच: सात भाग ठरले, २००६, २००७ आणि २०१३ साली तीन आले.

लेखक कोणत्या जातकुळीचा आहे हेही बघावं. मार्टिन स्वतः लेखकांचे दोन प्रकार सांगतात: घराचा नकाशा आधी काढणारे वास्तुरचनाकार आणि बी पेरून काय उगवतं ते बघणारे माळी. स्वतःला ते माळ्यांत धरतात. तिसऱ्या खंडानंतर कथा पाच वर्षं पुढं न्यायची असं त्यांनी ठरवलं होतं, लिहायला बसल्यावर ते जमेना, बेत मोडला, आणि चौथ्या खंडाला पाच वर्षं लागली. माळ्याच्या मालिकेत असं होणारच. सँडरसन नकाशावाले, म्हणून त्यांचा ठेका टिकतो.

मग सुरुवात कुठून करावी? माझं मत ठाम आहे: फँटसीत नवीन असाल तर पहिली मालिका पूर्ण झालेलीच घ्या. सँडरसन यांचीच 'मिस्टबॉर्न'ची पहिली त्रयी २००६ ते २००८ या तीन वर्षांत संपली. रॉबिन हॉब यांची फिट्झ या नायकाची पहिली त्रयी १९९५ ते १९९७. दम असेल तर स्टीव्हन एरिक्सन यांची 'मलाझान' आहे, दहा खंडांची, १९९९ ते २०११. पण ती पहिल्या दोनशे पानांत काहीही समजावून सांगत नाही, तेव्हा पहिल्याच फटक्यात तिच्या वाट्याला जाऊ नये. एखादी मालिका शेवटापर्यंत कशी पोचते हे एकदा अनुभवलं की अपूर्ण मालिकेत काय बाकी आहे, याचा अंदाज येतो. आणि 'पूर्ण' शब्दावरही फार विसंबू नका. अर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' १९७२ साली तीन पुस्तकांत संपली असं सगळे धरून चालले होते. चौथं १९९० साली आलं.

अपूर्ण मालिका मग वाचूच नये का? वाचावी की. मराठी वाचकाला याची सवय जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मध्ये १८९० पासून कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं येत आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली आली तीही पुढच्या भागांची चाहूल देतच. हातात असलेल्या खंडाला स्वतःची अशी चव आहे की नाही, एवढं बघावं. ती असेल तर शेवट नसला तरी पैसे वसूल.

विकत घेताना फसू नका

ही जाडजूड पुस्तकं भारतात बहुतेक ब्रिटिश प्रकाशकांच्या आवृत्तीत मिळतात, आणि तिथं एक खड्डा आहे. मार्टिन यांचा तिसरा आणि पाचवा खंड पेपरबॅकमध्ये दोन-दोन तुकड्यांत छापलेला आहे. सँडरसन यांचे स्टॉर्मलाइटचे खंडही तसेच. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात 'भाग एक' लिहिलेलं असतं, ते नजरेतून सुटतं, आणि पुस्तक ऐन लढाईत संपतं. ऑनलाइन घेताना पानांची संख्या बघा. इतरांच्या आवृत्तीत हजाराच्या वर पानं आणि तुमच्यात पाच-सहाशे, तर तो अर्धाच आहे.

नवा खंड आला की आधी हार्डकव्हर आणि मोठ्या आकाराचं पेपरबॅक येतं. लहान पेपरबॅक यायला साधारण वर्ष जातं. कपाटात सगळे खंड एका उंचीचे हवे असतील तर तेवढं वर्ष आणखी थांबावं लागतं. मला हा हट्ट कधी कळला नाही, पण तो असणारे आहेत, आणि मालिका लांबली की प्रकाशक मध्येच मुखपृष्ठंही बदलतात, तेव्हा त्यांचे हाल विचारू नका.

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारी प्रत बहुधा चोरून छापलेली असते. हजार पानांच्या पुस्तकात सोळा पानांचा एक फर्मा गायब असला तर तो कळतो सातशेव्या पानावर. गावापर्यंत कुरियर येत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी दुकान असलेल्या पाहुण्यांचा पत्ता द्यावा, हा आपला जुनाच मार्ग. आणि उन्हाळ्यात ही पुस्तकं पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या काचेमागं ठेवू नका. मे महिन्यात पाठीचा गोंद सुटतो आणि पानं हातात येतात. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला की कसर लागत नाही.

वही घाला

हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नव्वद टक्के वाचक ते करत नाहीत.

खंड संपवला की त्याच आठवड्यात, डोक्यात ताजं असताना, वहीत चार-पाच पानं लिहा. कथेचा सारांश नको. तो कुठंही मिळतो. लिहायचं ते असं: खंडाच्या शेवटच्या पानावर कोण कुठं आहे. कोण मेलं, आणि कोण मेलं असं इतरांना फक्त वाटतंय. कोणतं गुपित कोणाला माहीत आहे, कोणाला नाही. कोणाकडं कोणती तलवार, अंगठी, चिठ्ठी. कोणी कोणाला कसला शब्द दिलाय. आणि शेवटी एक पान तुमचं: पुढं काय होईल असं वाटतं. पाच-सात वर्षांनी बाकीच्या नोंदी उपयोगाला येतात. हे शेवटचं पान मात्र करमणूक म्हणून वाचावं.

यात 'कोणाला काय माहीत' हा रकाना सगळ्यात मोलाचा. मोठ्या फँटसीतली निम्मी गंमत याच्यावर उभी असते, की वाचकाला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नाही. तेच विसरलात तर पुढच्या खंडातला मोठा प्रसंग कोरडा जातो. कोणीतरी दार उघडतं, समोरच्याला बघून हादरतं, आणि तुम्ही म्हणता, हा कोण बुवा?

नावं देवनागरीत लिहा, जशी तुम्ही मनात उच्चारता तशी. शेजारी इंग्रजी स्पेलिंगही ठेवा, शोधायला लागतं. मार्टिन यांच्या खंडांच्या शेवटी घराण्यांच्या याद्या दिलेल्या असतात, रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'मध्ये शब्दसूची असते. त्या उतरवून काढण्यात दम घालवू नका, पान नंबर टिपला की झालं. नकाशाचा मात्र फोटो काढून ठेवा, कारण वाचताना दर वीस पानांनी मागं उलटायला लागलं की जाड पुस्तकाची पाठ मोडते.

एक सावधगिरी. मार्टिन यांचा चौथा आणि पाचवा खंड एकामागून एक घडत नाहीत. लिहून फार झालं म्हणून त्यांनी कथा काळानुसार न कापता पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार कापली. त्यामुळं पाचव्याचा बराचसा भाग चौथ्याच्याच काळात चालतो. टिरियन आणि डेनेरिस या पात्रांची प्रकरणं २००० सालच्या खंडानंतर वाचकांना थेट २०११ साली मिळाली. वहीत या दोन खंडांची नोंद समोरासमोरच्या पानांवर केली तर गोंधळ होत नाही.

बातमी कोणाची खरी मानायची

हिंगोलीहून माझ्या पुतणीचा फोन येतो.

"काका, पुढचा भाग दिवाळीला येतोय म्हणतेत."

"कोण म्हणतंय? लेखक?"

"नाही हो, ते चॅनलवाले."

"मग राहू दे, बाई."

नियम साधा आहे. तारीख सांगण्याचा अधिकार दोघांनाच: लेखकाला त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, आणि प्रकाशकाला. बाकी सगळे ऐकीव. ऑनलाइन दुकानात '३१ डिसेंबर' अशी तारीख दिसली तर ती बहुधा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून भरलेली असते. तीवर आगाऊ पैसे भरून ठेवू नका. न आलेल्या खंडाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव देऊन कुणीही काढलेली पुस्तकंही तिथं विकायला असतात. लेखकाचं नाव अक्षर अन् अक्षर वाचून घ्या.

लेखकानं दिलेली तारीखही कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखायला शिका. 'अमुक महिन्यापर्यंत लिहून होईल' ही आशा असते. मार्टिन यांच्या सहाव्या खंडाला प्रकाशकांनी आधी ऑक्टोबर २०१५ अखेरची मुदत दिली होती, मग वर्षअखेरची. दोन्ही टळल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच तसं लिहून टाकलं. उलट पाचव्या खंडाची १२ जुलै २०११ ही तारीख मार्च २०११ मध्ये जाहीर झाली आणि पुस्तक त्याच दिवशी आलं. म्हणजे दिवस, महिना, वर्ष अशी पूर्ण तारीख प्रकाशकानं दिली की ती धरायची, आणि तिथून हातात चारेक महिने असतात असं समजायचं. त्याच्याआधी धावपळ करण्यात अर्थ नाही.

सँडरसन आपल्या संकेतस्थळावर कोणतं लिखाण किती टक्के झालं, याच्या पट्ट्याच लावतात. पावसाळ्यात आपण जसं रोज सकाळी जायकवाडी किती टक्के भरलं ते बघतो, तसे त्यांचे वाचक त्या पट्ट्या बघतात. बघायला हरकत नाही, फक्त शंभर टक्के म्हणजे एक खर्डा पूर्ण, हे ध्यानात असू द्या. त्यानंतर फेरलेखन, संपादन, छपाई सगळं बाकी असतं.

सगळ्यात सोपं म्हणजे लेखकाच्या बातमीपत्राला इमेल देऊन ठेवायचा आणि बाकीचे गट, चॅनल, घंटी बंद करायची. खरी बातमी आली तर ती तुम्हाला हुडकत येते. ती कधी कोणाची चुकलेली नाही.

न आलेल्या पुस्तकातली सुटी प्रकरणं आधीच प्रसिद्ध होतात, मार्टिन यांची झालीच आहेत. ती वाचावीत का? माझं उत्तर नाही. ती पुन्हा लिहिली जाऊ शकतात, आणि एका प्रकरणानं भूक भागत नाही, खवळते. मशीनकडून लिहून घेतलेले 'शेवट' तर लांबच ठेवा. त्यातला एखादा प्रसंग डोक्यात बसला की नंतर खऱ्यातून तो निवडून काढता येत नाही.

मधल्या काळात

बहुतेक लेखक मधल्या काळात त्याच दुनियेतलं लहानसहान काही देतात. मार्टिन यांचं राजघराण्याचा इतिहास सांगणारं पुस्तक २०१८ साली आलं, रॉथफस यांची दोन छोटी पुस्तकं २०१४ आणि २०२३ साली. वाचा, पण ती मुख्य कथेला पुढं नेत नाहीत. ते माहीत असलं की अपेक्षाभंग होत नाही.

त्याच दुनियेत अडकून पडण्यापेक्षा मी तर म्हणेन, वेगळं काही वाचा. मराठीत नारायण धारप वाचले नसतील तर हीच वेळ. आणि पैठणला जाऊन या, निदान कथेतून. सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीत गुणाढ्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली, राजानं ती झिडकारली, तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी, अशी आख्यायिका आहे. जनावरं चरायचं विसरून ऐकत बसली. राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरला. त्या परंपरेतला 'कथासरित्सागर' अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं संस्कृतात रचला आणि तो मराठी अनुवादात मिळतो. विद्याधर, वेताळ, उडती यंत्रं, गोष्टीच्या पोटात गोष्ट. परदेशी फँटसीवर पोसलेल्या वाचकाला त्यात परकं काही वाटणार नाही. आणि सातातले सहा भाग कायमचे गेलेली मालिकाही लोक हजार वर्षं वाचतायत, हे कळल्यावर एका खंडासाठी फार तळमळ होत नाही.

वेब सिरीज बघायची का, हा प्रश्न मार्टिन यांच्या वाचकांना चुकत नाही. ती २०१९ साली संपली, पुस्तकांच्या पुढं जाऊन. बघा खुशाल. शेवट फुटेल ही भीती फार धरू नका, कारण पुस्तकात अशी पात्रं आणि कटकारस्थानं आहेत जी सिरीजमध्ये आलीच नाहीत. फक्त क्रम पुस्तक आधी, सिरीज नंतर, असा ठेवा; उलट केलं की नटांचे चेहरे डोक्यातून जात नाहीत.

लेखकाला 'कधी लिहिणार' म्हणून टोमणे मारण्यात सामील होऊ नका. त्यानं पान एकानंही वाढत नाही.

लेखकच गेला तर

मार्टिन यांचा जन्म १९४८ चा, तेव्हा हा विचार कोणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांच्या मनात असतो. असं घडलेलं आहे. रॉबर्ट जॉर्डन यांनी 'व्हील ऑफ टाइम' १९९० साली सुरू केली आणि सप्टेंबर २००७ मध्ये शेवटचा खंड बाकी असताना ते गेले. आजार कळल्यावर त्यांनी टिपणं काढून ठेवली होती, प्रसंग बोलून नोंदवून घेतले होते, अगदी शेवटही लिहून ठेवला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक. त्यांनी सँडरसन यांची निवड केली. उरलेला एक खंड लिहिता लिहिता तीन झाले: २००९, २०१०, आणि जानेवारी २०१३.

आपल्याकडं हे नवं नाही. एकनाथमहाराजांचं भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापाशी थांबलं, १५९९ साली नाथांनी देह ठेवला, आणि पुढचं त्यांच्या शिष्यानं, गावबानं, पूर्ण केलं, असं परंपरा सांगते. पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या घरी राहिलेला तो पोरगा, म्हणून त्याची गोष्ट मराठवाड्यात अजून सांगतात.

दुसऱ्या हातानं पुरी केलेली मालिका वाचताना पहिली शंभर पानं खटकतात. विनोद वेगळा लागतो, एखादं पात्र जास्त बोलायला लागतं. तेवढी पानं सोसा. त्यानंतरही मन बसलं नाही तर मूळ लेखकाच्या शेवटच्या पानावर थांबायला कोणाची बंदी नाही.

तारीख पक्की झाली की

आता वही काढा. सगळी मालिका पुन्हा वाचायचा बेत करू नका. मार्टिन यांचे पाच खंड म्हणजे चार हजारांवर पानं, आणि परीक्षा, पेरण्या, लग्नसराई यातलं काही ना काही त्या चार महिन्यांत असतंच. शेवटचा खंड पुरा वाचा, बाकीच्यांसाठी वही आणि ज्या पात्रावर जीव आहे त्याची तेवढी प्रकरणं. मार्टिन यांच्या प्रकरणांना बहुतेक ठिकाणी पात्रांचीच नावं आहेत, त्यामुळं हे सोपं जातं. इंग्रजी वाचनाचा वेग कमी असेल तर ऑडिओबुक लावा. नांदेड ते संभाजीनगर एका फेरीत बरंच ऐकून होतं.

मित्रांनी मिळून एकच प्रत घ्यायची असेल तर आधी कोण वाचणार हे पुस्तक यायच्या आधी ठरवून टाका, आणि बाकीच्यांनी तोवर ग्रुपवर तोंड उघडायचं नाही हेही. पार्सल आलं की सगळ्यात आधी पानं सलग आहेत का ते चाळून बघा, 'भाग एक' तर नाही ना ते बघा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत निदान निम्मं पुस्तक उलटून झालेलं असू द्या.